ओसरीवरून : फुगडीतला दुसरा हात



मागच्या खेपेला कैरीच्या लोणच्यावर लिहिलं, तर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी आपापल्या आजीचं प्रमाण कळवलं. कुणाची मोहरी जास्त, कुणाची मेथी. सगळं जपून ठेवलंय, पुढं कधीतरी त्यावर बोलू. या खेपेला मात्र विषय एकदम थंडगार आहे. बर्फाचा. इंदूरच्या उन्हाळ्यात बसून बर्फावर लिहायची वेळ आमच्या नातबाईंनी आणली.

नातबाई तेरा वर्षांच्या. टेबल टेनिस खेळतात. आमच्या इंदुरात या खेळाचं वेड जुनं. अभय प्रशालात टिकटिक चेंडू वाजायला लागले की पोरं पोहे-जलेबीसुद्धा विसरतात. एकेरीत ती बरी, पण दुहेरीत चांगली. नऊ वर्षांची असल्यापासून तिची एक मैत्रीण जोडीला होती. दुहेरीत दोघींनी आळीपाळीनंच चेंडू मारायचा असतो. एकीनं मारला की बाजूला सरकायचं, दुसरीला जागा द्यायची. चार वर्षांत या दोघींचं असं जमलं होतं की कोण कधी सरकली ते बघणाऱ्याला कळायचं नाही.

एप्रिलमध्ये त्या मैत्रिणीनं सांगितलं, की आता ती दुसऱ्या मुलीबरोबर खेळणार. ती मुलगी हिच्यापेक्षा वरच्या क्रमांकाची आहे. झालं. भांडण नाही, अबोला नाही, फक्त एक वाक्य. नातबाई घरी आल्या, बॅट कपाटावर टाकली आणि म्हणाल्या, "मी नाही खेळणार आता."

आणि मी, सत्तरी ओलांडलेली शहाणी बाई, काय म्हणाले? "त्यात काय एवढं! दुसरी शोधू. जगात मुलींचा तोटा आहे का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजी, तूच सांगतेस ना, मंगळागौरीला अनोळखी बाईबरोबर फुगडी घातलीस आणि पडलीस म्हणून?"

खरं आहे. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. मी साताऱ्याकडची, इथल्या कुणाला ओळखत नव्हते. सासूबाईंच्या मैत्रिणीकडे मंगळागौर होती, समोर जी उभी राहिली तिचे हात धरले. फुगडीत मागं झुकायचं ते समोरचीच्या भरवशावर. तिनं मध्येच हात सोडले आणि मी थेट दाराच्या चौकटीवर. टेंगूळ आठ दिवस होतं. तर 'त्यात काय एवढं' म्हणायचा मला काही अधिकार नव्हता.

नातीला काय सांगावं या विचारात होते, तेव्हा मला एक बाई आठवली. अल्योना सावचेंको. २०१८ सालच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये टीव्हीवर तिला बघितलं होतं आणि तेव्हापासून तिच्याबद्दल जिथं मिळेल तिथं वाचत आले. बर्फावर जोडीनं स्केटिंग करणारी बाई. नातीला म्हटलं, इकडे ये, एक गोष्ट सांगते. राजाराणीची नाही, जोडीदारांची.

आधी खेळ समजून घेऊ या. साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद असं बर्फाचं मैदान. त्यावर एक पुरुष, एक स्त्री. पायात बूट, बुटांखाली पोलादी पातं, जेमतेम चार मिलिमीटर जाडीचं. दोन फेऱ्या असतात, एक छोटी आणि दुसऱ्या दिवशी एक मोठी. २०१८ साली ही मोठी फेरी साडेचार मिनिटांची असायची. दोघांनी शेजारी शेजारी एकाच क्षणी सारख्या उड्या मारायच्या. पुरुषानं तिला एका हातावर डोक्याच्या वर उचलून वेगानं पुढं जायचं. तिला हवेत भिरकावायचं, तिनं तीन गिरक्या घ्यायच्या आणि खाली येताना त्यानं कमरेला धरून झेलायचं. कधी झेलायचंच नाही. नुसतं फेकायचं आणि तिनं लांब जाऊन एका पायावर एकटीनं उतरायचं. आणखी एक प्रकार तर आपल्या फुगडीचाच भाऊ. तो एका जागी रोवून उभा राहून गिरकी घेतो, ती त्याचा एकच हात धरून बर्फाशी जवळजवळ समांतर आडवी होऊन त्याच्याभोवती फिरते. केस बर्फाला लागतात इतकं डोकं खाली. हात सुटला तर काय होईल, ते चौकटीवर आपटलेल्या बाईला विचारा.

आता अल्योना. जन्म १९८४ चा, युक्रेनमधल्या ओबुखिव या कीवजवळच्या गावातला. चार भावंडांत ही एकटी मुलगी. वडील वजन उचलणारे पहिलवान. पुढं स्तानिस्लाव मोरोझोव नावाच्या मुलाबरोबर जोडी जमली आणि २००० साली ही दोघं ज्युनियर गटाची जागतिक विजेती झाली. स्पर्धा जर्मनीत, ओबर्स्टडॉर्फ नावाच्या डोंगराळ गावात होती. गावाचं नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

२००२ साली सॉल्ट लेक सिटीचं ऑलिंपिक. तिथं जोड्यांच्या स्पर्धेत पंचांच्या निकालावरून एवढा गदारोळ झाला की शेवटी रशियाच्या आणि कॅनडाच्या अशा दोन जोड्यांना सुवर्ण द्यावं लागलं. पुढं गुण देण्याची पद्धतच बदलली. त्या गोंधळात पंधराव्या क्रमांकावर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीकडे कोण बघणार? त्यानंतर मोरोझोव आणि ती वेगळे झाले. पहिला हात सुटला.

युक्रेनमध्ये योग्य जोडीदार मिळेना. २००३ मध्ये ती जर्मनीत केमनिट्झ या शहरी गेली. वय एकोणीस. परका देश, परकी भाषा. तिथं रॉबिन शोल्कोवी भेटला. त्याची आई जर्मन, वडील टांझानियाचे. शांत, सडपातळ, अतिशय नेटका स्केटर. ती म्हणजे नुसती वीज. प्रशिक्षक इंगो श्टॉयर. हा स्वतः १९९७ चा जागतिक विजेता. त्याच्या मागं एक सावली होती. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा तो खबऱ्या होता हे उघडकीला आलं आणि २००६ च्या ऑलिंपिकला त्याला जाता येऊ नये म्हणून त्याच्याच देशाच्या ऑलिंपिक समितीनं प्रयत्न केले. तो कोर्टात गेला, तेव्हा कुठं या दोघांबरोबर तुरिनला जाऊ शकला. अल्योनाला जर्मन नागरिकत्व मिळालं तेही अगदी तोंडावर, २००५ च्या अखेरीस. एवढ्या गोंधळात सहावा क्रमांक आला.

त्यानंतर मात्र या जोडीनं धडाका लावला. २००८, २००९, २०११, २०१२ आणि २०१४ असं पाच वेळा जागतिक विजेतेपद. चार वेळा युरोपचं. २०१२ साली नीस इथं तर रशियाच्या वोलोसोझार आणि त्रांकोव यांच्यापेक्षा फक्त ०.११ गुण जास्त. म्हणजे दोनशेच्या वर गुण आणि फरक एका दशांशाचा. आपल्याकडे भाजीवाला काट्यावर एवढ्या फरकाची पर्वासुद्धा करत नाही.

पण ऑलिंपिक? २०१० ला व्हँकुव्हरमध्ये छोट्या फेरीनंतर ही दोघं दुसरी होती, पहिल्यापेक्षा एक गुणही मागं नाही. मोठ्या फेरीत चूक झाली आणि शेन श्वे व झाओ होंगबो या चिनी जोडीला सुवर्ण गेलं. यांना कांस्य. २०१४ ला सोचीमध्ये पुन्हा दुसऱ्या स्थानावरून मोठ्या फेरीत उतरली. शेवटी एक फार अवघड फेक ठेवली होती, तिथं अल्योना पडली. पुन्हा कांस्य. सुवर्ण मिळालं वोलोसोझार आणि त्रांकोव यांना. आणि त्यांच्या बाजूला प्रशिक्षक म्हणून कोण होतं? स्तानिस्लाव मोरोझोव. हिचा पहिला जोडीदार!

इथं नातबाई उठून बसल्या. "म्हणजे ज्यानं सोडलं तोच समोर?"

"कुणी कुणाला सोडलं ते आपण कशाला ठरवायचं," मी म्हटलं, "पण हो, समोर तोच."

सोचीनंतर महिन्याभरात जपानमध्ये सैतामाला अल्योना आणि रॉबिन यांनी पाचवं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि रॉबिन निवृत्त झाला. तो चौतीस वर्षांचा होता, थांबायचा त्याला पूर्ण हक्क होता. ती तिशीची. शरीरावर किती पडझड झाली असेल विचार करा. घरी सांगितलं असतं, बाई, पाच जागतिक सुवर्णं आहेत, दोन ऑलिंपिक कांस्य आहेत, बस कर आता. मीही हेच सांगितलं असतं. तिनं मात्र परत शून्यापासून सुरुवात केली.

नवा जोडीदार ब्रुनो मासो, फ्रान्समधल्या कां शहराचा. हिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, अंगानं धिप्पाड. तोवर तो दार्या पोपोवा हिच्याबरोबर फ्रान्सकडून खेळत होता. दोघं ओबर्स्टडॉर्फला सराव करू लागली, त्याच गावात, जिथं ती सोळाव्या वर्षी ज्युनियर विजेती झाली होती. प्रशिक्षक अलेक्झांडर कोनिग.

आता बघा, जोडी जमवणं म्हणजे काय काय असतं. फ्रान्सची संघटना ब्रुनोला सोडायला तयार नव्हती. त्या वाटाघाटीत दीड वर्ष गेलं. २०१५ च्या शरद ऋतूत त्याची सुटका झाली, तीही ३०,००० युरो मोजून. तोपर्यंत स्पर्धेत उतरता येत नव्हतं. नुसता सराव. ज्या बाईनं अकरा वर्षं एकाच्या हाताची सवय लावून घेतली होती, तिला आता वेगळ्या उंचीचा, वेगळ्या ताकदीचा, वेगळ्या लयीचा हात. फेकण्याचा क्षण वेगळा, झेलण्याचा क्षण वेगळा. रॉबिन हलका आणि मोजका, ब्रुनो जोरकस.

तरी २०१६ ला जागतिक स्पर्धेत कांस्य मिळालं, २०१७ ला रौप्य. पण एक मोठं कुलूप बाकी होतं. जागतिक स्पर्धेत जोडीतला एकजण त्या देशाचा नागरिक असला तरी चालतं. ऑलिंपिकला दोघंही लागतात. म्हणजे ब्रुनोला जर्मन नागरिक व्हायला हवं आणि त्यासाठी जर्मन भाषेची परीक्षा पास व्हायला हवी. हवेत बाईला भिरकावून झेलणारा हा गडी त्या परीक्षेत नापास झाला. पुन्हा बसला. शेवटी २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नागरिकत्व हातात आलं. ऑलिंपिकला तीन महिने उरले होते.

हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली. आपल्यापैकी जे कुणी परमुलखात आले, मग ते हैदराबादेत असोत, बडोद्यात, बेळगावात नाहीतर इथं, त्यांना हे कळेल. मी इंदुरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात भाजीवाल्याला विचारलं होतं, "भैया, गवार है क्या?" त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की काहीतरी भयंकर बोलले. हिंदीत त्याला अडाणी म्हटल्यासारखं झालं होतं! घरी येऊन रडले. आज हसू येतं. पण वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पुस्तक घेऊन दुसऱ्याची भाषा शिकायची, आणि आपण नापास झालो तर समोरच्या बाईचं आयुष्यभराचं स्वप्न बुडेल हे ओझं खांद्यावर, हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

मग आला फेब्रुवारी २०१८. दक्षिण कोरिया, गांगनुंगचं मैदान. अल्योना चौतीस वर्षांची, हे तिचं पाचवं ऑलिंपिक. छोट्या फेरीत दोघांनी शेजारी शेजारी तीन गिरक्यांची उडी मारायची होती. ब्रुनोच्या दोनच झाल्या. ७६.५९ गुण, चौथं स्थान. पहिल्या स्थानावरच्या सुई वेनजिंग आणि हान त्सोंग यांचे ८२.३९. जवळजवळ सहा गुणांचा फरक. या खेळात तो डोंगर असतो.

नातीला मी इथं थांबून विचारलं, "तू असतीस तर काय केलं असतंस? चूक त्याची, पंधरा-सोळा वर्षं वाट बघितलेली तू."

ती म्हणाली, "मी त्याच्याशी बोललेच नसते."

प्रामाणिक उत्तर. मीही नसते बोलले.

दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारीला, मोठी फेरी झाली. शेवटच्या चार जोड्यांत ही दोघं पहिली उतरली. संगीत आर्मां आमार यांचं, रचना ख्रिस्तोफर डीनची. हा तोच डीन, ज्यानं १९८४ साली साराएव्होत जेन टॉर्व्हिलबरोबर 'बोलेरो'वर नृत्य करून जग वेडं केलं होतं. मी टीव्हीसमोर निवडायला गवारच घेऊन बसले होते, योगायोग बघा. पहिल्या फेकीला तिला त्यानं इतकं उंच भिरकावलं की माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. तीन गिरक्या आणि झेल, जणू पिसू उचलावं तसं. उड्या, फेकी, सगळं जमत गेलं. मला या खेळातलं फारसं कळत नाही, पण एवढं कळलं की आदल्या दिवशीची चूक या दोघांच्या मध्ये कुठंही उभी नव्हती. तिनं हात पुढं केला की त्याचा हात तिथं होताच.

१५९.३१ गुण. तोपर्यंत जगात कुणी मोठ्या फेरीत एवढे मिळवले नव्हते. पण अजून तीन जोड्या बाकी होत्या. ही दोघं बसून बघत राहिली. कॅनडाचे ड्युहामेल आणि रॅडफर्ड मागं राहिले. रशियाची जोडी मागं राहिली. शेवटी चिनी जोडी. बेरीज लागली: यांची २३५.९०, त्यांची २३५.४७. फरक ०.४३. पूर्ण अर्धा गुणही नाही. दोघं एकमेकांना बिलगून लहान मुलांसारखी रडली. जर्मनीला जोड्यांच्या या स्पर्धेत सुवर्ण मिळालं होतं ते १९५२ साली, रिया आणि पॉल फाल्क यांना. त्यानंतर सहासष्ट वर्षांनी हे. महिन्याभरात मिलानला जागतिक विजेतेपदही मिळालं, तिथं दुसऱ्या जोडीशी फरक वीस गुणांचा होता. अल्योनाचं ते सहावं.

गोष्ट संपली. मला वाटलं, आता नातबाई म्हणतील, आजी, मीपण खेळणार. सिनेमात तसंच होतं. पण ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आणि ती दार्या? ब्रुनोची आधीची? तीपण माझ्यासारखी घरी बसून रडली असेल ना?"

मंडळी, या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं ही गोष्ट मी अल्योनाच्या बाजूनं वाचत आले होते. जिंकलेल्याच्या बाजूनंच आपण गोष्टी वाचतो. नातीनं ती पहिल्यांदा सुटलेल्या हाताच्या बाजूनं ऐकली. आणि मग माझ्या लक्षात आलं की अल्योनाही आधी त्याच बाजूला होती. दोनदा. तिचीही जोडी मोडली, जोडीदार थांबला. म्हणजे एकच माणूस कधी हात सोडणारा असतो, कधी सुटलेला. हिची मैत्रीणही काही वाईट मुलगी नाही. तिला पुढं जायचंय. चार वर्षं आमच्या घरी येऊन थालीपीठ खाल्लंय तिनं. राग मलाही आला होता, तो या पोरीच्या प्रश्नानं जरा उतरला.

मी नातीला एवढंच म्हटलं, "रडली असेल. मी चुकले ग. 'त्यात काय एवढं' असं नव्हतं ते. अल्योनालासुद्धा नवा हात ओळखीचा व्हायला चार वर्षं लागली."

"चार?" ती म्हणाली. "मग मी सतरा वर्षांची होईन."

"तू नाही खेळलीस तरी होशीलच की."

यावर ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

पुढं काय झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही पत्रं लिहाल. पंधरा दिवसांनी बॅट कपाटावरून खाली आली. नवीन जोडीदार मिळाली आहे, वयानं एक वर्ष लहान आणि डावरी. डावी-उजवी जोडी दुहेरीत चांगली म्हणतात, पण सध्या दोघी एकमेकींवर आदळतात. परवा पहिल्याच फेरीत हरून आल्या. घरी येताना दोघींच्या हातात कुल्फी होती आणि चूक कुणाची यावर वाद चालू होता. वाद होतोय म्हणजे बोलणं चालू आहे. मी त्यात पडले नाही, फक्त थालीपिठाचं पीठ थोडं जास्त भिजवलं.

तुमच्याकडेही अशी एखादी मोडलेली आणि परत जमवलेली जोडी असेल. भजनातली, संगीत नाटकातली, दुकानातली, स्वयंपाकघरातली. जरूर कळवा. आणि कुणाच्या सुटलेल्या हाताची गोष्ट असेल तर तीही. पुढच्या महिन्यात भेटू या.

तुमची,
ओसरीवरची आजी